तोरणावरचा प्रायमर

मी जामखेडला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं असतं तर लोक थोडे हळहळले असते आणि विसरले असते. माझ्या हातून घडलं म्हणून ते मला अजून सोडत नाही.

प्लास्टिकची छोटी विमानं आणि गाड्या जोडायचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. पुण्याला बहिणीकडं गेले होते. तिच्या मुलानं अर्धवट टाकलेल्या विमानाचं खोकं रद्दीत निघालं होतं, ते मी सहज उचलून आणलं. घरी आल्यावर त्यातल्या प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक सुटा भाग कापत बसले, घासला, चिकटवला, आणि त्या रविवारी जेवायचंसुद्धा विसरले. मग खोकी मागवायला लागले. नवरा काही बोलायचा नाही. फक्त कुरिअरवाला दारात आला की, "बाईसाहेब, तुमची खेळणी आली," म्हणून हसायचा. त्यात वाईट काही नव्हतं, तरी मला कानकोंडं व्हायचं. शेजारीण आली की मी टेबलावर चादर टाकायचे. एकदा स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी माझ्या नखांत अडकलेला करडा रंग पाहिला आणि विचारलं, "घर रंगवायला काढलंय का?" मी हो म्हणाले.

या सगळ्या कामात माझा जीव रमायचा तो प्रायमर मारण्यात, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात देण्यात. जोडून झालेलं विमान दिसायला भिकार असतं. इथं हिरवं प्लास्टिक, तिथं पांढरी पुट्टी, मध्येच पॉलिश पेपरचे ओरखडे. गच्चीवर सकाळी वारा सुटायच्या आत जायचं, करड्या प्रायमरचा डबा खळखळ हलवायचा, आणि वीतभरापेक्षा थोडं लांब धरून हात न थांबवता फवारा सोडायचा. बघता बघता सगळं एका रंगाचं होतं. कुठं सांधा होता ते आपलं आपल्यालाच सापडत नाही. आमच्याकडं एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर हे काम होत नाही. फवारा हवेतच सुकतो आणि वस्तूवर बारीक रव्यासारखी खर बसते. हे सगळं मी चुका करकरून शिकले होते, आणि त्याचा मला आतून अभिमान होता. घरात खेळणी म्हणत असले तरी हात बसला होता माझा.

माझं माहेर खर्ड्याचं. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडं आमची वस्ती आहे, तिथं विहाराला लागून आईचं दोन खोल्यांचं घर. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडून मला शिकवलं. आता ती थकलीय, पण जामखेडला माझ्याकडं येऊन राहायला तयार नाही. "तुज्या कॉलनीत दुपारी कोन बोलाय न्हाई. भिताडं बघत बसू का?" असं म्हणते. मी रविवारी स्कूटीवर जाते, तिची औषधं देते, भाजी निवडता निवडता बोलते, आणि उन्हं कलली की परत निघते. वस्तीच्या कुठल्याच कामात मी नसायचे. एप्रिलातल्या जयंतीलासुद्धा मी पाहुण्यासारखी यायचे. पांढरी साडी नेसायची, वंदनेला बसायचं, चार जणींबरोबर फोटो काढायचे आणि जेवून परत.

तिथं मला हक्कानं 'अगं' म्हणणारी एकच होती. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती आता वस्तीतली अंगणवाडी चालवते. तिचा आवाज मोठा, चालणं झपाझप, आणि मी दारात दिसले की लांबूनच ओरडायची, "आली गं बाई, प्रोफेसरीन आली!"

त्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी मनावर घेतलं होतं, की मिरवणुकीचा देखावा यंदा आपण करायचा. आजवर तो पुरुष मंडळी करायची, म्हणजे डेकोरेटरकडून आणून ट्रॅक्टरवर बांधायची. मैत्रिणीनं ठरवलं, सांचीच्या स्तूपाचं तोरण करायचं, माणसाच्या उंचीपेक्षा मोठं. थर्माकोल विकत मिळायची पंचाईत, त्याच्यावर बंदी. म्हणून बायकांनी फ्रिज-कूलरच्या खोक्यांतला, लग्नाच्या जुन्या मांडवांतला, मिळेल तिथला थर्माकोल गोळा केला. कितीतरी आठवडे विहाराच्या मागच्या खोलीत पांढरे तुकडे साठत होते. मला हे आईकडून तुकड्यातुकड्यानं कळत होतं आणि मी "अरे वा" म्हणत होते.

एका रविवारी मैत्रीण मला हाताला धरून ते बघायला घेऊन गेली.

मी दारातच थांबले. दोन खांब, त्यावर कमानीसारख्या आडव्या तीन पट्ट्या, टोकांना गुंडाळलेली वळणं. आणि खांबांच्या माथ्यावर हत्ती. एकमेकांना पाठ लावून उभे असलेले, सोंडा खाली सोडलेले हत्ती. कानांच्या कडांना सुरकुत्या होत्या. एकाच्या पायाशी बारीक साखळीसुद्धा होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

मैत्रिणीनं कोपऱ्यात बसलेल्या मुलीकडं बोट केलं. ती वस्तीत नव्यानं आलेली सून, पाटोद्याकडची. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. पुढ्यात मेणबत्ती, हातात तापवलेली सुई. मी तिचं कौतुक केलं तशी ती पदर सावरत म्हणाली, "मोबाईलवर फोटू बगून केलंय. चुकलं आसन कायतरी."

"ह्या पोरीचं तोंडच उघडत नव्हतं बघ," मैत्रीण म्हणाली. "कोन कुठली, कुनाला म्हाईत न्हाई. आता सगळी वस्ती तिला हत्तीवाली म्हनती."

मुलगी खाली मान घालून हसली. तिच्या बोटांना चटके बसून पांढरे डाग पडले होते.

मी तिथून तशीच परत निघाले असते तर बरं झालं असतं. पण आई मागं येऊन उभी होती. माझ्या एका विमानाचा फोटो मी कधीतरी तिच्या मोबाईलवर पाठवला होता. तो तिनं सगळ्यांना दाखवून झाला होता, हे मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "आता रंगाचं म्हनाल तर माज्या लेकीला सांगा. डब्यातनं फवारती ती. कंपनीतून आल्यावानी दिसतं."

"व्हय की गं," मैत्रीण म्हणाली. "आमी डिस्टेंपर आनलाय मातकट रंगाचा. ब्रशनं मारनार हुतो."

आणि मी तोंड उघडलं. ब्रशच्या रेघा दिसतील, म्हणाले. खोकी जोडल्याचे सांधे दिसतील. आधी प्रायमर मारू, सगळं एकसारखं दगडासारखं होईल, मग वरून तुमचा डिस्टेंपर. जमलेल्या बायका ऐकत होत्या, म्हणून मी आणखी सांगितलं. प्रायमर प्लास्टिकला हलकासा चावतो, म्हणाले. त्यामुळं वरचा रंग त्याला धरून बसतो. 'चावतो' या शब्दाला बायका हसल्या. मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं मी तिथं जे काही सांगायचे ते औषधाच्या गोळ्यांबद्दल नाहीतर कुणाच्या पोराच्या ॲडमिशनबद्दल. माझ्या हाताला काही येतं, आणि ते इथं लागणार आहे, हे पहिल्यांदाच झालं होतं. चादरीखाली लपवायचं काम मी उघड्यावर करणार होते.

जयंतीला आठवडाही उरला नव्हता. मी रजा टाकली आणि घरातले होते नव्हते ते सगळे डबे पिशवीत भरून सकाळी लवकर खर्ड्याला पोचले. बायकांनी तोरण उचलून विहाराच्या अंगणात आणून ठेवलं होतं. खाली जुन्या साड्या अंथरल्या होत्या. वारा पडलेला होता, ऊन कोवळं होतं. माझ्या मनासारखी सकाळ होती ती. आईनं घरातली खुर्ची आणून पुढंच मांडली आणि त्यावर ती बसली. हत्तीवाली सून जरा बाजूला, नणंदेच्या मागं उभी होती.

मी मास्क लावला, हातमोजे घातले. डबा हलवला. आतली गोळी खळखळली तसं कुणीतरी म्हणालं, "खुळखुळाच हाय की!" सगळे हसले.

घरी कुठलीही नवी वस्तू असली की मी आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघते. त्या दिवशी नाही बघितलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि तुकडा शोधत बसणं मला अडखळल्यासारखं वाटलं असतं. आणि डोक्यात एक हिशोब पक्का होता. माझी विमानं पॉलिस्टायरिनची असतात, खोक्यावर तसं लिहिलेलंच असतं. थर्माकोल म्हणजे तेच, फक्त फुगवलेलं. विमानाला चालतं ते याला चालणारच. बारावीच्या पोरांना मी पॉलिमर शिकवते. कुठला द्रव कशाला विरघळवतो हेही मीच फळ्यावर लिहिते. पण त्या अंगणात ते फळ्यावरचं काही माझ्या जवळपास फिरकलं नाही.

मी वरून सुरुवात केली. डाव्या खांबाच्या हत्तींवरून एक फवारा, मग आडव्या पट्टीवरून उजवीकडं, मग उजवे हत्ती, मग खांबावरून खाली. करडा रंग बसला तशी तोरणावर चकाकी आली. बायकांतून "आगं आई" असा आवाज आला. मला वाटलं, आवडलं. ओला रंग चकाकतोच, तो सुकला की मंद होतो, हे मला माहीत होतं. मी वाकून खांबाचा खालचा भाग करत होते. डाव्या हत्तींकडं माझी पाठ होती.

मग सगळं शांत झालं. मी मान वळवली.

हत्तीची सोंड नव्हती. डोकं आत बसलं होतं आणि बसतच चाललं होतं. पातेल्यात गुळाचा खडा विरघळावा तसा तो आतल्या आत खचत होता. कानाच्या जागी दोन भोकं पडली होती आणि ती मोठी होत होती. आडव्या पट्टीवर चाळणीसारखे खड्डे उमटले होते. चुरचुर असा अगदी बारीक आवाज येत होता. मी धावत जाऊन हात लावला तर हातमोज्याला करडा चिकट लगदा आला आणि हत्तीची पाठही त्याच्याबरोबर आली. वरची पट्टी मधोमध वाकली. कुणीतरी ती धरायला पुढं झालं, तेवढ्यात ती मोडून साड्यांवर पडली.

त्याच क्षणी मला सगळं आठवलं. कुठलं द्रावण, कुठला पॉलिमर, का. माझ्या विमानाचं प्लास्टिक जाड असतं म्हणून त्याला तो नुसता चावतो. थर्माकोल म्हणजे जवळजवळ नुसती हवा, तिथं चावायला उरतंच काय? पाठ केलेल्या धड्यासारखं ते ओळीनं डोक्यात आलं. मी मास्क काढला आणि म्हणाले, "माझं चुकलं. मला कळायला पाहिजे होतं. मला हे माहीत होतं."

"म्हाईत हुतं?" मैत्रिणीनं विचारलं.

शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. तिनं खरंच विचारलं होतं. मी काहीतरी सांगायला लागले, पॉलिस्टायरिन वगैरे. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, म्याडम. तुमी बसा सावलीला."

तुमी. शाळेत माझ्या डब्यातली चटणी न विचारता खाणारी ती. तिनं मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

सून पुढं आली. तिनं साडीवर पडलेल्या लगद्यातून हत्तीचा एक पाय उचलला, तो तेवढा शाबूत राहिला होता, साखळीसकट. तो ओंजळीत घेऊन ती घराकडं निघून गेली. रडली नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. तिची नणंद तिच्या मागं गेली.

मी आईकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

घरी गेले तर आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हणाले, "आई, मी भरून देईन सगळं. नवीन आणू."

"काय भरून देनार?" ती तशीच पडून म्हणाली. "मी त्यास्नी सांगितलं, माजी लेक करंल. मी सांगितलं. आता मी विहारात कुठल्या तोंडानं जाऊ?" मग म्हणाली, "लोकांची खडी फोडली, पन कुनाच्या वस्तूला धक्का लावला न्हाई कदी."

संध्याकाळची वंदना तिनं आजवर तापात असतानासुद्धा चुकवली नव्हती. त्या दिवशी ती गेली नाही. पलीकडून त्रिसरणाचे सूर ऐकू यायला लागले. ती पडल्यापडल्याच पुटपुटत होती, आणि मी चुलीपाशी बसून काय करावं ते न कळून तांदूळ निवडत होते. तांदळात खडा नव्हता.

मी जामखेडला परत गेले नाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं, जयंती होईपर्यंत इथंच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बायकांचं ठरलं होतं, की आता थर्माकोल मिळायचा नाही, पुठ्ठ्यावर भागवायचं. पुठ्ठ्याचं तोरण, त्यावर मैद्याच्या खळीनं वर्तमानपत्राचे थर, आणि वरून तोच डिस्टेंपर, ब्रशनं. मी म्हणाले, "मला काहीही सांगा. मी करते."

मैत्रीण म्हणाली, "तुमी कशाला म्याडम त्रास घेता?"

"मला सांग गं काहीतरी," मी म्हणाले. तिनं माझ्याकडं न बघता खळीचं पातेलं पुढं सरकवलं.

मी खळ शिजवली. वर्तमानपत्रं फाडली. पुठ्ठे कापले. कुणी मला टोमणा मारला नाही, आणि तेच कठीण होतं. मी बसले की शेजारची बाई थोडी सरकून मला जास्त जागा द्यायची. चहा आला की पहिला कप माझ्यापुढं. आपसात चाललेली बोलणी मी आल्यावर बदलायची. जामखेडच्या त्या न बोलणाऱ्या कॉलनीतसुद्धा मी कधी इतकी पाहुणी नव्हते.

हत्तीवाली येत नव्हती. मैत्रीण तिच्या घरी जाऊन आली, मीही दारापर्यंत गेले. ती आत भाकरी थापत होती. आतूनच म्हणाली, "म्या न्हाई करनार परत. मला न्हाई यायचं तसं." सासू म्हणाली, तो पाय तिनं कपाटात ठेवलाय.

मग हत्तींचं काय? बिनहत्तीचं तोरण ओकंबोकं दिसत होतं. मी ठरवलं, आपण करू. मॉडेल जोडण्यात हात बसलेला असला तरी ते दुसऱ्यानं कापून दिलेले तुकडे असतात, हे मला पुठ्ठा हातात घेतल्यावर कळलं. मी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून एक प्राणी तयार केला. त्याला सोंड होती म्हणून हत्ती म्हणायचं. त्यावर मी कागद लावत असताना मैत्रीण आली, तिनं वाकून पाहिलं आणि एकदम ओरडली, "अगं, ह्यो हत्ती हाय व्हय? डुक्कर हाय ह्ये! तुला काय कळतंय का न्हाई? मिरवनुकीत नेऊन वस्तीची शोभा करतीस का काय?"

खोली दणाणली. बायका थांबून बघायला लागल्या. मी मान खाली घालून बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी खळीत पडत होतं. 'अगं' म्हणाली होती ती. 'तुला' म्हणाली होती. तिच्याही ते लक्षात आलं असावं. ती शेजारी फतकल मारून बसली, माझ्या हातातून ते डुक्कर काढून घेतलं आणि त्याच्या पोटावर तळहात दाबून ते सपाट केलं.

"मला लई राग आलाय तुजा," ती हळू आवाजात म्हणाली. "अजून बी हाय."

"असू दे," मी म्हणाले.

हत्तीवालीनं हे सगळं दारातून पाहिलं होतं. कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. ती आत आली, मैत्रिणीच्या हातातलं ते सपाट झालेलं माझं काम तिनं घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरीची चीड आली. माझ्याबद्दल असेल, पण जास्त करून त्या वाईट हत्तीबद्दल. कात्री मागून घेतली तिनं. कोऱ्या पुठ्ठ्यावर काही न आखता सरळ कापत गेली. पाठ, मस्तक, सोंड, एका रेषेत. तिनं तसे हत्ती कापून दिले, सपाटच, कडेनं दिसतील असे. आधीच्यासारखे गोलाईचे नाहीत, कानांना सुरकुत्या नाहीत. मी म्हणाले, "छान झालेत." ती म्हणाली, "न्हाई झाले," आणि कात्री ठेवून घरी गेली.

जयंतीच्या दिवशी तोरण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलं. मातकट रंग ब्रशनं दिला होता. ब्रशच्या रेघा दिसत होत्या, आणि लांबून त्या दगडावरच्या टाकीच्या घावांसारख्याच वाटत होत्या. मिरवणूक पेठेतून निघाली. निळी निशाणं, पांढऱ्या साड्या, पुढं लेझीम. आई आली होती. चार दिवसांत ती पहिल्यांदा बाहेर पडली होती, आणि बायकांच्या घोळक्यात मुद्दाम मागं राहून चालत होती. मी तिच्या शेजारी होते. आमच्या पुढंच हत्तीवाली, नवी पांढरी साडी नेसून.

चौकात मिरवणूक थांबली. वस्तीतला एक जण माईकवर निवेदन करत होता. तो कामानिमित्त बाहेरगावी असायचा, आदल्या रात्री आलेला. काय झालं होतं ते त्याला नीट माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही तो मला मान देत होता. त्याचा आवाज भोंग्यातून साऱ्या पेठेवर पसरला. "हा भव्य देखावा आपल्या वस्तीच्या कन्या, आदरणीय प्राध्यापिका म्याडम यांच्या मार्गदर्शनाखाली साकार झालेला आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. दुकानांच्या पायऱ्यांवर उभे असलेले लोक माझ्याकडं बघायला लागले. मी गर्दीतून वाट काढत ट्रॉलीपाशी गेले, निवेदकाच्या कानाशी ओरडून सांगितलं, की मी नाही, हे बायकांनी केलंय, हत्ती त्या सुनेनं केलेत, तिचं नाव घ्या. त्यानं "हो हो" म्हणून मान हलवली. माईक तोंडाला लावला. तिचं नाव घेतलं, आणि पुढं म्हणाला, "म्याडमची शिष्या!"

मी परत जागेवर आले. हत्तीवाली पुढंच बघत उभी होती. मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. आणि आई, जिनं माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून नोकरीच्या ऑर्डरपर्यंत प्रत्येक कागद वस्तीभर मिरवला होता, तिनं पदर पुढं ओढून मान खाली घातली. माझ्या कौतुकाला तिनं मान खाली घातलेली मी पहिल्यांदा पाहिली.

रात्री मी आईचे पाय चोळून देत होते तेव्हा ती म्हणाली, "त्या पोरीला घरी जेवाय बोलव. जामखेडला, तुज्या घरी. आनि सैपाक तू कर."

हत्तीवाली पुढच्या महिन्यात आली, नवऱ्याला दवाखान्यात दाखवायचं होतं म्हणून दोघं जामखेडला आले होते तेव्हा. मी पुरणपोळी केली होती. ती लाजत जेवली, फारशी बोलली नाही. जेवणानंतर तिचा नवरा आणि माझा नवरा बाहेर बसले, आणि मी तिला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर चादर नव्हती. कपाटातली विमानं मी तिला दाखवली. का दाखवली, सांगता येत नाही. कदाचित मला तिच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं.

तिनं एक विमान उचललं. पंखाखाली बोट फिरवलं, चाकं बघितली, आत बसलेला नखाएवढा वैमानिक डोळ्याजवळ नेऊन बघितला. बराच वेळ बघितलं.

"लई बारीक काम हाय," ती म्हणाली. "कोन बगतं ह्ये?"

"कुणी नाही. मीच."

तिनं ते जपून जागेवर ठेवलं, होतं तसंच, तोंड भिंतीकडं करून.

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "बिगडलं तरी कुनाला कळत न्हाई."

तिला टोचून बोलायचं नव्हतं, हे मला अजूनही वाटतं. तिला जे दिसलं ते ती म्हणाली. बाहेरून तिच्या नवऱ्यानं हाक मारली. बस निघायची वेळ झाली होती. मी तिला पुरणपोळ्यांचा डबा दिला, तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून माझ्या पायांना हात लावायला लागली. मी तिचे खांदे धरून तिला उभं केलं, पण नजर वर करून तिच्याकडं बघणं मला जमलं नाही.